मूळचे कुठले?

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. जुन्नर तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या मैदानावर आकाशदर्शन होतं. दुर्बिणीतून दोन-चार गोष्टी बघून गर्दी अकरालाच पांगली. रात्री पावणेतीनला उरली ती खरी हौशी मंडळी. आठ-दहा मुलं, दोन शिक्षक, चटईवर घोरणारे तिघे-चौघे, आणि खांद्यावर घोंगडी टाकून पायरीवर बसलेले एक आजोबा. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं होतं, "मूळचं कुठलं तुम्ही?" मी म्हटलं, "पुण्याचा." "ते झालं. मूळचं?" "बीडकडचे आम्ही." "हां," म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांनी चहाचा कप पुढे केला. दक्षिणेला विंचू नांगीसकट वर आला होता आणि त्याच्या डावीकडून आकाशगंगेचा पट्टा, चुलीतून उठलेल्या धुरासारखा, वर चढत होता. मी टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद बांधून जमिनीवर काटकीने आपल्या दीर्घिकेचं, म्हणजे त्याच आकाशगंगेचं, चित्र काढत होतो. वीस वर्षं ते मी तसंच काढत आलोय. मधे एक गोळा, त्यातून निघालेल्या जिलबीच्या वेढ्यासारख्या भुजा, आणि निम्म्याहून थोडा बाहेर एक चिंचोका, हा आपला सूर्य. आठवीतली एक मुलगी उकिडवी बसून बघत होती. ती म्हणाली, "सर, मधे दांडी पाहिजे ना? खोडदला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात चित्र होतं, त्यात दांडी होती." मागून एका पोराने लगेच, "दांडी तू मारतीस, शाळेला," म्हणून हशा पिकवला. तिचं बरोबर होतं. मी गोळा तळहाताने पुसला, त्या जागी आडवी दांडी काढली, तिच्या दोन टोकांना भुजा जोडल्या. वाटलं, मिटलं. तर ती म्हणाली, "पण दांडीमुळे काय होतं?"

"काही नाही," मी म्हणालो. "असते तशी."

नारायणगाव येईपर्यंतसुद्धा हे उत्तर मला पुरलं नाही.

मला अगदीच माहीत नव्हतं असं नाही. झोप आली होती, पाठ धरली होती, आणि एवढ्या रात्री अनुनाद वगैरे समजावत बसायचा कंटाळा आला. पण मोठ्या माणसाच्या कंटाळ्याचं 'असते तशी' कसं होतं आणि ते मुलांच्या डोक्यात ज्ञान म्हणून कसं जाऊन बसतं, हे मी स्वतः भोगलेलं आहे. लहानपणी अण्णांना विचारलं होतं, आपण गाव का सोडलं? तेव्हाही उत्तर असंच आलं होतं. "सोडलं तसं. चल, जेव."

पुस्तकी मराठीत आपल्या दीर्घिकेला 'दंडयुक्त सर्पिल दीर्घिका' म्हणतात. हे वाचलं की मला आधी हवालदार दिसतो. दांडी हा शब्द बरा, घरातला आहे. पण ही दांडी आहे हे कळायलाच माणसाला फार वेळ लागला, आणि त्याचं कारण साधं आहे. घरात बसून घराचं कौलारू छप्पर कसं दिसतं ते सांगता येत नाही. १९६४ मध्ये जेरार द व्होकुलर यांनी केंद्राजवळच्या वायूच्या विचित्र हालचालींवरून अंदाज केला की आपल्याही दीर्घिकेच्या पोटात दांडी असावी. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मग १९९१ मध्ये ब्लिट्झ आणि स्पर्गेल यांनी अवरक्त प्रकाशाच्या नोंदी तपासल्या, कारण साधा प्रकाश वाटेतल्या धुळीत अडतो. त्यांना दिसलं की केंद्राची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त उजळ आहे. दांडीचं एक टोक आपल्याकडे वळलेलं, म्हणजे जवळ, म्हणून उजळ. दक्षिणेला तोंड करून उभं राहिलं तर डावीकडचं. सूर्य आणि केंद्र यांना जोडणाऱ्या रेषेशी ती दांडी पंचवीस-तीस अंशांचा कोन करून पडली आहे, केंद्रापासून एकेका बाजूला ११ ते १६ हजार प्रकाशवर्षं. मोजणारे बदलले की आकडा बदलतो. आपण केंद्रापासून साधारण २६-२७ हजारांवर. म्हणजे मी मातीत काढलेली दांडी फारच आखूड होती, हे मला घरी आल्यावर कळलं.

पण ही दांडी म्हणजे लाकडाची नव्हे. ती ताऱ्यांचीच आहे. अब्जावधी तारे लांबट, शेंगेसारख्या कक्षांमधून ये-जा करतात, त्या कक्षांची लांब बाजू एकाच दिशेला लागलेली असते, आणि ती सगळी रचना मिळून एका अंगाने फिरते. हे वाचताना मला आजोळचं खळं आठवलं. ज्वारीची कणसं पसरलेली, मध्ये तिवडा रोवलेला, आणि त्याला एका रांगेत जुंपलेले बैल, म्हणजे पात. तिवड्याजवळ म्हातारा बैल, कारण त्याला जागच्या जागी वळायचं. कडेला तरणा, त्याला मोठं रिंगण पळायचं. रांग न मोडता फिरायची तर आतल्याने हळू आणि बाहेरच्याने जोरात चालायला हवं. दीर्घिकेची दांडी अशी, पातीसारखी फिरते. बाकीच्या तबकडीतले तारे मात्र असे जुंपलेले नाहीत. आतला काय, बाहेरचा काय, बहुतेक सगळे जवळपास सारख्याच वेगाने चालतात, सेकंदाला दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. वेग सारखा, रिंगण लहान-मोठं, त्यामुळे आतल्याची फेरी आधी संपते. सूर्याला एका फेरीला २१ ते २३ कोटी वर्षं लागतात. दांडीची एक फेरी १५ ते १८ कोटी वर्षांत होते. म्हणजे दर तीसेक कोटी वर्षांनी दांडीचं एक ना एक टोक आपल्या आतल्या बाजूने पुढे निघून जातं, आणि जाता जाता थोडं ओढून जातं.

थोडंच. तेच तर गंमतीचं आहे.

पंचमीला आजोळच्या लिंबाला झोका बांधायचे. नाडा हाताला काचायचा, आणि वर गेलं की पोटात खड्डा पडायचा. माझी धाकटी मावशी झोका द्यायची ती नुसत्या बोटांनी. मामाने जिवाच्या आकांताने ढकललं तरी तो अवेळी ढकलायचा आणि झोका वाकडा व्हायचा. मावशी थांबायची, झोका पूर्ण मागे येऊ द्यायची, आणि नेमक्या त्या क्षणी बोटं लावायची. दहा-बारा वेळा. झोका फांदीच्या वर. ताऱ्याचंही असंच. तारा केंद्राभोवती नुसता गोल फिरत नाही. फिरता फिरता आत-बाहेर हेलकावतो, कणसाला तोंड घालायला बैल आत वळतो आणि चाबूक पडला की बाहेर येतो तसा. दांडीची ओढ त्या हेलकाव्याच्या दर वेळी वेगळ्या क्षणी लागली, तर एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि बेरीज शून्य. पण काही ठरावीक अंतरांवर मावशीसारखं जमून येतं. दर खेपेला ओढ हेलकाव्याच्या त्याच क्षणी येते आणि साठत जाते. अनुनाद म्हणतात तो हाच. या जागांना स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ बर्टिल लिंडब्लाड यांचं नाव आहे. तिथल्या ताऱ्यांच्या कक्षा बदलतात, लांबट होतात, काहींना नवं वळण लागतं. सूर्यासारख्या ताऱ्याचं एक आयुष्य म्हणजे अशा चाळीस-पन्नास फेऱ्या. ओढ कमी असली तरी वेळ भरपूर आहे.

याहून विचित्र जागा आहे ती बरोबरीची. केंद्रापासून सुमारे वीस हजार प्रकाशवर्षांवर ताऱ्याची फेरी आणि दांडीची फेरी सारख्याच वेळात होते. तिथल्या ताऱ्याला दांडी कायम एकाच बाजूला दिसते, शेजारून चालणाऱ्या गाडीतला माणूस दिसावा तशी. म्हणजे ओढही कायम एकाच दिशेने. समजा ती पुढे आहे. आपल्याला वाटेल, पुढे ओढलं की तारा पुढे जाईल. तसं होत नाही. पुढे ओढलं की त्याला जोर मिळतो, जोर मिळाला की तो बाहेर सरकतो, बाहेरचं रिंगण मोठं, मग तो मागे पडतो. मागे पडता पडता दांडीच्या दुसऱ्या अंगाला येतो. आता ओढ मागून. जोर कमी होतो, तो आत येतो, आतलं रिंगण लहान, म्हणून पुन्हा पुढे निघतो. असा तो दांडीच्या मागे-पुढे होत राहतो, पण सुटत नाही. पुढे ओढलेला मागे पडतो, हे मला कागदावर तीनदा काढल्याशिवाय पटलं नाही. पटल्यावर मात्र ओळखीचं वाटलं. का ते सांगत नाही, भाऊ हे वाचेल.

आता यात एक गाठ अशी की दांडी स्वतः मंदावते आहे. दीर्घिकेभोवती न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचं मोठं वेष्टन आहे, त्याला ती आपलं फिरणं देऊन बसते, घट्ट ताकातून रवी ओढावी तशी. २०२१ मध्ये चिबा, फ्रिस्के आणि शॉनरिश यांनी दाखवलं की दांडी तयार झाली तेव्हापासून आजवर तिचा फिरण्याचा वेग सुमारे एक चतुर्थांशाने कमी झालाय. दांडी मंदावली की बरोबरीची जागा बाहेर सरकते, कारण जितकं बाहेर तितकी फेरी लांब. आणि तिथे अडकलेले तारे त्या जागेबरोबर, बिऱ्हाड-बाजल्यासकट, बाहेर नेले जातात. वाटेत नवे तारे पकडले जातात, पण ते कडेला बसतात. गाभ्यात जुने, आतून आणलेले. त्याच वर्षी चिबा आणि शॉनरिश यांनी ताऱ्यांमधल्या धातूंवरून हे ताडून पाहिलं. अडकलेल्या थव्याच्या गाभ्यात धातू जास्त, कडेला कमी. झाडाच्या खोडावरच्या वलयांसारखं. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्याला धातूच म्हणतात, प्राणवायूलासुद्धा. रसायनशास्त्राच्या मास्तरांनी ऐकलं तर पट्टी घेऊन धावतील. मुद्दा एवढाच की केंद्राकडे ताऱ्यांच्या पिढ्या भराभर होतात, त्यामुळे तिथल्या वायूत हे धातू जास्त मुरलेले असतात. बाहेर कमी. तारा जिथे जन्मतो तिथली चव त्याला लागते, आणि नंतर कुठेही गेला तरी ती जात नाही.

अण्णा पुण्यात पन्नास वर्षं आहेत. बँकेत, सोसायटीच्या सभेत, नातीच्या शाळेत ते अगदी स्वच्छ, शहरी मराठी बोलतात. पण रिक्षावाल्याने मीटर टाकायला नकार दिला की तोंडातून निघतं, "कामून?" त्या एका शब्दात पाटोद्याच्या पुढचं सगळं माळरान असतं.

सूर्याचंही एक 'कामून' आहे. आपल्या आसपास, त्याच्याच वयाचे, म्हणजे ४६० कोटी वर्षांच्या आगेमागे जन्मलेले तारे पाहिले तर सूर्यात धातूचं प्रमाण त्यांच्यापेक्षा अंमळ जास्त निघतं. १९९६ मध्ये रोलांड व्हीलेन आणि सहकाऱ्यांनी यावरून हिशेब मांडला की सूर्य इथला नव्हे. तो आजच्या जागेपेक्षा सुमारे सहा हजार प्रकाशवर्षं आत जन्मला असावा. त्याला बाहेर कुणी आणलं यावर भांडणं आहेत. कुणी म्हणतं भुजांनी, कुणी म्हणतं दांडीने, कुणी म्हणतं दोघांनी मिळून. दांडीची लाट आणि भुजांची लाट जिथे एकमेकांवर चढतात तिथे तारे फार लवकर जागा सोडतात, असंही एक गणित आहे. एवढं मात्र खरं की कुणी धक्का मारून हाकललं नाही. अशा सरकण्यात ताऱ्याची चाल फारशी बिघडत नाही. गोल फिरणारा गोलच फिरत राहतो, फक्त रिंगण मोठं होतं. तारा बघून कळत नाही. चव घेतली तरच कळतं.

मी या वेळी अण्णांना पुन्हा विचारलं, नीट बसून, चहा झाल्यावर. ७२च्या दुष्काळात ते सतरा वर्षांचे. खडी फोडायच्या कामावर होते, सुकडी खाल्लेली आठवते, तिचा वास अजून नको वाटतो. मग कुणीतरी म्हणालं, पुण्यात चुलत्याकडे जा, चार महिने काढ, पाऊस पडला की ये. मला वाटलं होतं काहीतरी भांडण निघेल, जमिनीचा वाद निघेल, निदान एखादा अपमान तरी. काही नाही. "७३ला पाऊस झाला," अण्णा म्हणाले, "चांगला झाला." मग? "मग कामाला लागलेलो होतो ना." एवढंच. मला राग आला, खोटं कशाला सांगू. एवढं मोठं गाव, खळं, लिंब, झोका, आणि कारण म्हणून हाती काय लागावं, तर कामाला लागलेलो होतो. पण रात्री पडल्या पडल्या वाटलं, त्यांनी लहानपणी मला 'सोडलं तसं' सांगितलं ते टाळण्यासाठी नव्हतंच कदाचित. त्यांच्याकडे त्याहून जास्त उत्तर नव्हतं.

आपल्या शेजारचे सगळेच तारे असे कायमचे आलेले नाहीत. काही नुसते बाजाराला आलेत. सूर्याच्या आसपास ताऱ्यांचा एक जथा आहे, त्याला हर्क्युलिसचा प्रवाह म्हणतात. ते तारे आपल्यापेक्षा सेकंदाला सुमारे पन्नास किलोमीटर मागे रेंगाळतात आणि एकंदरीत बाहेरच्या दिशेने चाललेले दिसतात. आठवडी बाजारात दुसऱ्या गावची माणसं चालण्यावरून ओळखू येतात, तसं. २००० साली वॉल्टर डेनन यांनी त्यांचा संबंध दांडीशी जोडला. दांडी झपाझप फिरते, आणि तिची बाहेरची लिंडब्लाड जागा आपल्या जवळ पडते, त्याचा हा परिणाम, असं त्यांचं म्हणणं. २०१७ मध्ये दुसऱ्या एका गटाने उलट मांडलं. दांडी हळू फिरते, आणि हे तारे तिच्या बरोबरीच्या जागेत अडकलेले असून हेलकाव्याच्या टोकाला आपल्यापर्यंत येऊन परत जातात. अलीकडे पारडं हळू फिरणाऱ्या दांडीकडे झुकलंय, पण वाद मिटलेला नाही. मला दुसरं म्हणणं जास्त आवडतं, आणि आवडतं म्हणून खरं मानायचा मोह होतो, हे धोक्याचं आहे. हे सगळं कळतं ते गाया नावाच्या उपग्रहामुळे. डिसेंबर २०१३ मध्ये तो अवकाशात गेला आणि जुलै २०१४ ते जानेवारी २०२५, साडेदहा वर्षं त्याने जवळपास दोनशे कोटी ताऱ्यांच्या जागा आणि चाली टिपल्या. मार्च २०२५ मध्ये तो बंद केला. बातमी वाचताना मला उगीच भरून आलं. शिरगणतीचं एवढं काम करणारा कारकून निवृत्त झाला आणि कुणी हारसुद्धा घातला नाही.

यंदा मेमध्ये पुन्हा त्याच मैदानावर गेलो. उत्तर तयार होतं, दोन रंगांच्या रांगोळ्याही नेल्या होत्या. ती मुलगी नव्हती. मामाच्या गावी गेली होती, शहापूरकडे. मे महिन्यात मुलं मामाकडेच असणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मग जे होते त्यांच्यासाठी काढलं. दांडी लांब काढली, चिंचोक्याच्या निम्म्या वाटेपर्यंत येणारी, तिरकी. बरोबरीचं वर्तुळ ठिपक्यांनी काढलं आणि दांडी मंदावते तसं ते बोटाने बाहेर सरकवलं. धनू आणि गरुड यांच्या मधला पट्टा दाखवून सांगितलं की दांडीचं जवळचं टोक त्या बाजूला आहे, धुळीमागे. केंद्र कुठे, तर विंचवाच्या नांगीपासून हात लांब करून एक मूठ डावीकडे वर. नांगी म्हणजे मूळ नक्षत्र. आमची एक आत्या मुळावर जन्मलेली, तिच्या लग्नाच्या वेळी घरात केवढी कुजबुज झाली होती. केंद्राच्या शेजारच्या नक्षत्राला मूळ नाव असणं हा निव्वळ योगायोग आहे. व्हॉट्सॲपवर त्याचं भलतंच काही केलेलं असतं, तिकडे दुर्लक्ष करावं. पोरांना मी दांडीच्या आतल्या कोरड्या पट्ट्याचंही सांगितलं. दांडी तिच्या आवाक्यातला वायू केंद्राकडे ढकलून देते, तिथे त्याचं कडं साचतं आणि नवे तारे जन्मतात. पण ज्या भागातून वायू ओढून नेला, दांडीच्या दोन्ही अंगांना, तिथे नवं काही उगवत नाही. शास्त्रज्ञ त्याला वाळवंटच म्हणतात.

मुलं एकेक करून चटईवर कलंडली. रांगोळीवर दव पडायला लागलं. आजोबा मात्र त्याच पायरीवर, त्याच घोंगडीत. सगळं ऐकत होते, असं दिसलं नव्हतं. उठले, गुडघ्यावर हात देत चित्रापाशी आले, चिंचोका उचलून न्याहाळला आणि परत बरोबर त्याच जागी ठेवला.

"म्हंजी सूर्य पण हितला न्हाई."

"नाही. आतल्या बाजूचा." मी नांगीच्या डावीकडे बोट केलं. नेमकी दिशा कुणालाच सांगता येणार नाही, वीस फेऱ्या होऊन गेल्यात, पण रात्री तीनला त्यांना एवढं पुरे असं वाटलं.

त्यांनी कपाळावर आडवा हात धरला, उन्हात लांबचं शेत बघावं तसा, आणि बराच वेळ तिकडे पाहिलं.

"तिकडं पाऊसपाणी कसंय?" त्यांनी विचारलं.